घंगाळावरची अक्षरं

भावाला मुलगी झाली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून सगळे घरी आले आणि आई मला म्हणाली, "माळ्यावरचं घंगाळ काढून घासून ठेव गं. उद्यापासून बाळाच्या न्हाणीला लागेल." घंगाळ आजीचं. ती गेल्यापासून आठ वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. आत जुनी वर्तमानपत्रं, एक फाटका आकाशकंदील आणि कसल्याशा काढ्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या. पितळ काळंभोर पडलेलं. मी ते मोरीत घेऊन बसले आणि चिंच-मीठ लावून घासायला लागले.

दोन कड्यांच्या मधल्या जागेत, काठाच्या जरा खाली, आधी एक काना दिसला. मग वेलांटी. अक्षरं ठिपक्यांची होती. पूर्वी भांड्यांवर नाव घालायचं तर कासार छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन एकेक ठोका मारत अक्षर उठवायचा; त्यात सलग रेघ नसायची, टिंबांची रांग असायची. मी ओल्या बोटानं ती रांग चाचपत गेले. 'चि. सौ. कां. गोदावरी हीस आईकडून. गंगाखेड. वैशाख शके १८७१.'

शके १८७१ म्हणजे १९४९. आजीचं लग्न त्याच वैशाखातलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रझाकारांच्या धामधुमीत ठरलेलं लग्न लांबलं, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढच्या वैशाखात पंधरा वर्षांची मुलगी गंगाखेडहून बार्शीला सून म्हणून आली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण आजीचं नाव पार्वती होतं. रेशनकार्डावर पार्वती, मतदारयादीत पार्वती, तिच्या दहाव्याच्या वेळी भटजींनी उच्चारलं तेही पार्वती.

बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे भांड्याजवळ नेले आणि बराच वेळ वाचत राहिले. "मामा तिला कधी कधी गोदाक्का म्हणायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, लाडाचं काहीतरी असेल." सत्तर वर्षांच्या मुलाला आपल्या आईचं नाव मोरीत, चिंचेच्या कोळात हात भरलेले असताना कळत होतं.

गंगाखेडला आजीचे धाकटे भाऊ आहेत, पंच्याऐंशीचे. त्यांना फोन लावला. ऐकायला कमी येतं, म्हणून मी ओरडूनच विचारलं, "मामाआजोबा, गोदावरी कोण?" पलीकडे क्षणभर शांतता आणि मग, "गोदा म्हणजे आमची अक्काच की! का गं, काय झालं?" त्यांच्या आवाजात काळजी होती. जणू तिला आत्ता काही झालंय.

*

इकडे घरात नावाचा शोध सुरूच होता. भावाच्या मोबाइलमध्ये यादी होती, साठेक नावांची. सगळी दोन-अडीच अक्षरांची, सगळी 'आ', 'ई' किंवा 'या'नं संपणारी, आणि प्रत्येकापुढे अर्थ लिहिलेला: तेजस्वी, पवित्र, देवीचं एक नाव, पहाटेचा पहिला किरण. त्यातले बरेच अर्थ कोणत्याही कोशात सापडायचे नाहीत. दोन नावांचा उगम संस्कृत म्हणून दिला होता आणि संस्कृतात असे शब्दच नाहीत. भावाला मी हे सांगितलं तर तो हिरमुसला. त्याची चूक नव्हती. पहिलं मूल झालेल्या बापाला जगातलं सगळ्यात चांगलं नाव हवं असतं, आणि चांगलं म्हणजे अर्थ चांगला, असं त्याला सगळीकडून सांगितलं जात असतं.

माझं मत वेगळं आहे. नावाचा अर्थ कोशात कमी आणि ठेवणाऱ्याच्या मनात जास्त असतो. कवी रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाचं नाव सचिन ठेवलं ते सचिनदेव बर्मन यांच्यावरून. त्या नावात त्यांना गाणं ऐकू येत होतं. पुढे कितीतरी घरांत सचिन जन्मले. त्या आईबापांना मैदान दिसत होतं. 'सचिन' या शब्दाची व्युत्पत्ती या दोन्ही वेळी कुणी विचारली नसेल. याच्या उलटही होतं. सातारा जिल्ह्यात २०११ साली एका समारंभात २८५ मुलींची नावं बदलण्यात आली, कारण त्या सगळ्यांची नावं नकुशी, नकोशा अशी होती. 'नको असलेली.' मुलीमागून मुलगी झाली म्हणून कंटाळून ठेवलेली. त्या नावाचा अर्थ पोरीला शाळेच्या हजेरीत रोज सकाळी ऐकावा लागत होता. दगडू, धोंडू, भिकू ही नावं ऐकायला तितकीच ओबडधोबड, पण ती बहुतेक वेळा आधीची मुलं दगावलेल्या आईनं काळाची नजर चुकवण्यासाठी ठेवलेली असत. त्या नावामागे जीव मुठीत धरलेला असे. मला कुणी विचारलं, तर माया नसलेल्या सुंदर नावापेक्षा मायेनं ठेवलेलं धोंडू मी केव्हाही पसंत करेन.

आपल्या भाषेनं 'नाव' या शब्दाला किती कामं लावली आहेत, हे त्या दिवसांत मला सारखं जाणवत होतं. मूल मोठं होऊन घराण्याचं नाव काढतं किंवा बुडवतं. बाई नवऱ्याचं नाव घेते, तेही उखाण्यात. माणूस बापाचं नाव लावतो. आणि बाळाचं नाव ठेवतात, पण सुनेला मात्र नावं ठेवतात. एका अनुस्वारानं एवढा फरक पडतो.

*

घराण्यातलं नाव पुन्हा ठेवायची चाल आपल्याकडे जुनी आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे एप्रिल १७२० मध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला, त्याचं नाव बाळाजी ठेवलं. तेच नानासाहेब पेशवे. आठ महिन्यांत नाव घरात परत आलं. भोसल्यांच्या घरात तर हे पिढ्यान्‌पिढ्या दिसतं. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. महाराजांना १६५७ मध्ये पुरंदरावर मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. संभाजी महाराजांच्या मुलाचं जन्मनाव शिवाजी, त्यालाच आपण शाहू म्हणून ओळखतो. राजाराम महाराजांचे दोन मुलगे, त्यांची नावंही शिवाजी आणि संभाजीच. इतिहासाच्या पुस्तकात मुलं यानं गोंधळतात, पण मला त्या वंशावळी वाचताना एखाद्या घरातली माणसं संध्याकाळी दिवेलागणीला एकमेकांना हाका मारताहेत असं वाटतं. भाऊ गेला, तरी घरात त्याच्या नावाची हाक थांबू द्यायची नाही.

यातली एक गोष्ट मला फार लागते. नारायणराव पेशव्यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये खून झाला तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर मुलगा झाला. त्याला बापाचं नाव दिलं नाही, वर्ष-दीड वर्षापूर्वी थेऊरला वारलेल्या थोरल्या काकाचं दिलं, माधवराव, सवाई माधवराव. म्हणजे माधवरावांच्या सव्वापट व्हावा ही आस. थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले होते, हे माहीत असूनही लोकांनी ते नाव बाळावर ठेवलं. आमच्या नात्यातही कुणी कुणी म्हणतं, अल्पायुषी माणसाचं नाव ठेवू नये. सवाई माधवरावही एकविसाव्या वर्षी गेले, हे खरं आहे. पण मला त्या नाव ठेवणाऱ्यांचा धीर मोठा वाटतो. त्यांना आयुष्याची वर्षं मोजायची नव्हती. गेलेल्या माणसाचा गुण घरात राहावा, एवढंच हवं होतं.

आमचं घर साधं, मास्तरांचं. तरी चाल तीच. माझे पणजोबा भास्कर. आजोबा शंकर. बाबा जन्मले १९५४ मध्ये, पणजोबा गेल्यावर चार वर्षांनी, म्हणून बाबांचं नाव भास्कर. शाळेच्या दाखल्यावर, पगाराच्या चिठ्ठीवर भास्कर. पण आजीनं बाबांना भास्कर अशी हाक जन्मभर मारली नाही. ते तिच्या सासऱ्यांचं नाव. बाबा साठीला आले तरी ती त्यांना बाळ म्हणायची. अशी हाकेची नावं आपल्याकडे घराघरांत होती: बाळ, बापू, नाना, तात्या, अण्णा. लोकमान्य टिळकांचं जन्मनाव केशव, पण घरचं बाळ हेच जगाला माहीत झालं. आजोबांचं नावही ती घेत नसे. शंकराच्या देवळाला ती महादेवाचं देऊळ म्हणे, हे एक वेळ ठीक. पण दिवाळीत शंकरपाळे करायला बसली की त्यांनाही ती 'चौकोन' म्हणायची. "चौकोनाला मोहन कमी पडलं गं," असं. आम्हा मुलांना वाटायचं, त्या पदार्थाचं नावच चौकोन आहे.

आजोबा गेल्यानंतर तिच्या नावानं खातं उघडायचं होतं. मी दहा वर्षांची. मला सोबत घेऊन ती खिडकीशी उभी राहिली. आतल्या माणसानं फॉर्म भरता भरता विचारलं, "वारस कोण? मुलगा? नाव सांगा." आजी गप्प. त्यानं मान वर करून पुन्हा विचारलं, "आजी, मुलाचं नाव?" तिनं पदर दातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू सांग," म्हणाली. मी सांगितलं, "भास्कर." तो लिहू लागला तेव्हा ती कौलांकडे बघत होती. तिनंच नऊ महिने पोटात वाढवलेलं, तिच्याच मांडीवर बारसं झालेलं मूल, आणि त्याचं नाव तिच्या जिभेला वर्ज्य. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता त्या खिडकीची आठवण आली की घशाशी येतं.

*

घंगाळ घासून झालं, तरी माझ्या मनातून ती ओळ जाईना. आमच्या घरात पुरुषांची नावं फिरून येतात, भास्कर-शंकर-भास्कर. बायकांची कुठे जातात? उत्तर सोपं होतं. ती लग्नाच्या ताटातल्या तांदळात जातात. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. नाव बहुतेक नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळवून ठेवलेलं. आजोबा शंकर, म्हणून आजी पार्वती. तांदूळ नंतर डब्यात परत जातात. आणि त्या नावासाठी जागा करायला जे आधीचं नाव पुसलं, ते कुणी कुठे लिहून ठेवत नाही.

मी आठवू लागले. आनंदीबाई जोशी, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या: माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे: त्याही माहेरच्या यमुना. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मणिकर्णिका, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. नवरा नारायण, म्हणून त्या लक्ष्मी झाल्या. दोन यमुना आणि दोन मणिकर्णिका, म्हणजे काशीच्या गंगेवरचा घाट. चौघींचीही माहेरची नावं पाण्याची. आणि पाचवी माझी आजी. ज्या घरात मुलगी जन्मली त्या घरानं तिला नदीचं नाव दिलं, आणि ज्या घरात ती गेली त्या घरानं तिला देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. चौघी मोठ्या झाल्या म्हणून त्यांचं पहिलं नाव चरित्रांत एका ओळीपुरतं तरी उरलं. बाकीच्यांचं कुठे उरणार? माझ्या आजीचं उरलं ते तिच्या आईनं भांड्यावर घालून दिलं म्हणून.

गंगाखेड गोदावरीच्या काठावर आहे, जनाबाईंचं गाव. तिकडे गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगाच म्हणतात. "गंगेला पाणी आलं", "गंगेवर जाऊन येतो". मामाआजोबांनी सांगितलं, अक्का जन्मली तेव्हा पावसाळा होता, गंगा दोन्ही थड्या भरून वाहत होती, सुईणीला घाटाकडून येता येईना, लांबून वळसा घालून यावं लागलं. म्हणून वडील म्हणाले, हिचं नाव गोदावरी. ही एवढी गोष्ट आमच्या घरात पंचाहत्तर वर्षं कुणाला माहीत नव्हती. आजीनं कधी सांगितली नाही. किंवा आम्ही विचारली नाही; हेच जास्त खरं.

माझ्या मनात आलं, शंकराच्या घरात गोदावरीला खरं तर जागा होती. त्र्यंबकेश्वरची कथा आपल्याला ठाऊकच आहे: गौतम ऋषींसाठी शंकरानं जटेतून ब्रह्मगिरीवर सोडली ती गोदावरी. आजोबांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना जोडीच जुळवायची होती, तर तिचं नाव न बदलताही ती जुळत होती.

*

मी भावाला म्हटलं, "गोदावरी ठेवूया." तो एकदम नाही म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर दिसलं. आई म्हणाली, "अगं, आजकाल गोदावरी? शाळेत पोरं गोदाम म्हणतील." वहिनीच्या आईनं पत्रिका करून आणली होती. बाळाचं नक्षत्र उत्तराभाद्रपदा, त्याची अक्षरं दू, थ, झ, ञ. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकशे आठ अक्षरं, आणि त्यात ञ सुद्धा आहे. मी त्यांना समजावलं की पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, ही सोय आपल्या लोकांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. त्यांना ते पटलं. आईची शंका मात्र खरी होती आणि मी ती झटकून टाकली नाही. नाव आम्ही ठेवणार, पण मिरवणार किंवा सोसणार ती पोर. गेलेल्या माणसाचं ऋण आपण फेडायचं असतं, काही दिवसांच्या बाळाच्या नावावर ते टाकायचं नसतं. हे मी रात्रभर स्वतःशी घोळवत होते. आजीवर अन्याय झाला, म्हणून तिचं नाव ठेवायचं, असं असेल तर ते ठेवू नये. आजी आम्हाला हवी आहे, म्हणून ठेवायचं असेल, तरच ठेवावं.

निर्णय वहिनीनं केला. तो तिचाच होता. ती बाळाला पाजत होती, मी आणलेली धुरी खाली ठेवून वळले, तर म्हणाली, "ताई, आजींना त्यांच्या नावानं शेवटची हाक कुणी मारली असेल?" मी म्हटलं, "मामाआजोबांनी. कधीतरी दिवाळीत, भाऊबीजेला." ती म्हणाली, "लग्नात माझ्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, नाव बदलायचं का? मी नको म्हटलं, आणि विषय तिथेच संपला. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय. आजींना विचारलं असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या?" मग बाळाच्या टाळूवर हात ठेवून म्हणाली, "गोदा म्हणायला छान आहे. आणि गोदाम म्हणणाऱ्यांना ती बघून घेईल."

आईची शंका त्या एका वाक्यानं गेली नाही. पण ती बाळाला गोदा, गोदू, गोदूबाई म्हणून बघू लागली. तिसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून "गोदे, अगं किती गं रडशील" असं आलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते. त्या फॉर्मवर बाळाचं नाव नसलं तरी चालतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि मग घाईत काहीतरी नाव लिहून मोकळे होतात. जन्मानंतर वर्षभर नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ज्यांच्या घरी सध्या नावावरून ओढाताण सुरू असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं. नाव हाकेत बसू द्यावं, मग कागदावर न्यावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर वेगळ्या पद्धतीनं लिहिलं जातं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. भावानं पहिल्यांदा तो चार शब्दांचा क्रम लिहिला तेव्हा वहिनीचं नाव मुलीच्या नावाला लागून आलं. ते माहेरचंच नाव. आमच्या चार पिढ्यांत असं प्रथमच घडत होतं.

*

बारसं बाराव्या दिवशी घरातच केलं. पाळणा शेजाऱ्यांचा, त्याला झेंडूच्या माळा. आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून-वरून दिला, मग गोविंदा-गोपाळांची नावं घेत बाळाला. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी पाळण्यावर वाकले, तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि कुर्र केलं. कानात दुधाचा वास येतो, हे मला माहीत नव्हतं. "गोदावरी," मी म्हटलं. हळूच म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज मोठा निघाला. मागून पाठीत धपाटे पडले आणि घुगऱ्यांची परात फिरू लागली. मामाआजोबांना नातवानं गाडीत घालून आणलं होतं. त्यांनी मूठभर घुगऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाले, "अक्काच्या बारशाला मी नव्हतो. तेव्हा जन्मलोच नव्हतो. हिच्या खाल्ल्या."

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर त्यांनी घंगाळ बघायला मागितलं. त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बोटानं ठिपके चाचपले, मी चाचपले होते तसेच. 'आईकडून' या शब्दावर बोट थांबलं.

त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलीचं नाव जपून ठेवायला ज्या बाईनं कासाराला पैसे मोजले, तिनं स्वतःचं नाव घातलं नव्हतं. मी विचारलं, "मामाआजोबा, तुमच्या आईचं नाव काय?"

"रुक्मिणी."

"ते सासरचं. माहेरचं?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. हातातल्या घुगऱ्या तशाच होत्या. मग त्यांनी मान हलवली.

तुमच्या घरात आजी असेल, पणजी असेल, तर तिला आजच विचारा, लग्नाआधी तुला काय म्हणायचे. सांगेल ते लिहून ठेवा, भांड्यावर, वहीत, फोटोच्या मागे, कुठेही. रुक्मिणीबाईंचं माहेरचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.